स्वच्छ ऊर्जा दारात आली की लोक पुढे कधी येतात आणि मागे कधी सरतात

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी दोन गोष्टी मान्य केल्या. २०३० पर्यंत सूर्य, वारा, पाणी यांपासून ऊर्जा मिळवण्याची क्षमता तिप्पट करायची, आणि ऊर्जेचा वापर सुधारण्याचा वेग दुप्पट करायचा. तेव्हापासून बातम्या येत राहतात त्या गिगावॅटच्या आणि गुंतवणुकीच्या. पण हे काम होणार कुठे? सौर पट्ट्या कोणाच्या तरी छपरावर बसणार, पवनचक्क्या कोणाच्या तरी शेतालगत उभ्या राहणार, जुना फ्रिज बदलायचा की अजून दोन वर्षं ढकलायचा हे कोणीतरी घरात बसून ठरवणार. सह्या सरकारांच्या असल्या तरी यातलं बरंचसं काम वस्त्यांमध्येच व्हायचं आहे.

आणि तिथेच गाडी अडते. स्वच्छ ऊर्जा हवी का, असं विचारलं तर बहुतेक लोक ‘हो’ म्हणतात. प्रकल्प दारात आला की त्यांच्यातलेच काही विरोधाचे फलक घेऊन उभे राहतात. वीज वाचवली पाहिजे हे सगळ्यांना पटतं, पण बिल काही खाली येत नाही. मग ‘लोकांमध्ये जागृती नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि आणखी पत्रकं छापली जातात. मला हा निष्कर्षच चुकीचा वाटतो. माहिती लागतेच, पण लोक कामाला लागतात ते आजूबाजूचे काय करतायत हे दिसल्यावर, निर्णयात आपलं मत धरलं गेल्यावर आणि फायद्यात आपला वाटा असल्यावर. गेल्या पन्नासेक वर्षांत जगभर झालेल्या प्रयोगांमधून हे चांगलंच स्पष्ट झालं आहे.

आधी थोडा हिशेब

किलोवॅट म्हणजे या क्षणाला किती वीज ओढली जाते त्याचं माप. युनिट म्हणजे ती किती वेळ ओढली त्याचा हिशेब. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट पडतं. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला तर एक युनिट गेलं. तेवढ्याच एका युनिटात नऊ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांहून जास्त जळतो.

हा फरक आपल्याला अंदाजाने कळत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे ५०० जणांना विचारलं गेलं की ऊर्जा वाचवायचा सगळ्यांत परिणामकारक उपाय कोणता. दिवे बंद करणं, कमी वापरणं अशीच उत्तरं जास्त आली. चांगल्या उपकरणाचं नाव घेणारे थोडे होते. वेगवेगळी उपकरणं किती वीज खातात आणि बदलली तर किती वाचेल याचे अंदाजही सरासरीने जवळजवळ तिपटीने कमी निघाले. दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून तो लक्षात राहतो. पाणी तापवणं, खोली थंड किंवा उबदार ठेवणं ही मोठी खाती भिंतीआड चालू असतात.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. बचत म्हणजे वापर कमी करणं, आणि ते रोज लक्षात ठेवावं लागतं. कार्यक्षमता म्हणजे तेच काम कमी विजेत होईल अशी सोय एकदा करून टाकणं: चांगला पंखा, उष्णता अडवणारं छप्पर, फटी बुजवलेल्या खिडक्या. मोठा फरक सहसा दुसऱ्या गोष्टीने पडतो, पण तिला सुरुवातीला पैसे लागतात आणि घर स्वतःचं असावं लागतं. लोकसहभागाचे निम्मे प्रश्न इथूनच सुरू होतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

सारखीच घरं, बिलं मात्र वेगळी

१९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी न्यू जर्सीतली ट्विन रिव्हर्स ही वसाहत अभ्यासायला घेतली. एकाच नकाशावर बांधलेली, भिंतीला भिंत लागून असलेली घरं. हवा तीच, बांधकाम तेच. तरी एका घरात जेवढी ऊर्जा लागे त्याच्या दुप्पट दुसऱ्या घरात लागत होती.

आधी वाटलं, बांधकामात कुठेतरी खोट असेल. मग संशोधकांनी जुने लोक जाऊन नवे राहायला आलेली घरं बघितली. माणसं बदलली की त्या घराचा वापरही बदलला. फरक बराचसा राहणाऱ्यांच्या सवयींचा होता. यंत्रं आणि विटा सुधारणं आवश्यकच आहे, पण हा अभ्यास माहीत झाल्यावर ‘ऊर्जा हा इंजिनिअरांचा विषय’ असं म्हणता येत नाही.

सवयी आहेत म्हटल्यावर पुढचा प्रश्न, त्या बदलतात कशाने?

दाराच्या मुठीला लटकवलेला कागद

कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस या गावात संशोधकांनी घरांच्या दाराच्या मुठीला एक कागद लटकवायला सुरुवात केली. सल्ला तोच: उन्हाळ्यात एसीऐवजी पंखा लावा. कारण मात्र घराघरांत वेगळं दिलेलं. काहींच्या कागदावर लिहिलं होतं की पैसे वाचतील. काहींच्या कागदावर पर्यावरण वाचेल असं होतं, काहींच्या कागदावर पुढच्या पिढ्यांसाठी हे करा असं. आणि काहींना एवढंच सांगितलं होतं की तुमच्या गावातले बहुतेक लोक पंखाच वापरतात. नंतर मीटर वाचले, तर सगळ्यांत जास्त घट दिसली ती या शेवटच्या गटात.

याच संशोधकांच्या पाहणीत लोकांना विचारलं होतं की तुम्ही वीज का वाचवता. ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे कारण लोकांनी सगळ्यांत शेवटी टाकलं. म्हणजे ज्या गोष्टीचा आपल्यावर सर्वाधिक परिणाम होतो, ती आपण मान्यच करत नाही. ‘लोकांना फक्त पैशाची भाषा कळते’ असं ठामपणे म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

त्याच गावात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगाने एक खाचही दाखवली. घरोघरी सांगण्यात आलं की तुमचा वापर इतका, शेजारपाजारची सरासरी इतकी. जास्त वापरणारे खाली आले. पण कमी वापरणाऱ्यांनी काय केलं? ते वर सरकले! ‘सगळे एवढी वापरतात, मग आपणच का जीव आखडायचा’ हा विचार अगदी माणसासारखा आहे. उपाय मात्र फार साधा निघाला. कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर हाताने एक हसरा चेहरा काढला, आणि ते होते तिथेच राहिले. तुलना दाखवायची असेल तर चांगलं करणाऱ्याची पाठ थोपटायलाही विसरायचं नाही.

ही कल्पना पुढे अमेरिकेत लाखो घरांच्या बिलांसोबत गेली. सरासरी बचत दोन टक्क्यांच्या आसपास भरली. हा आकडा लहान आहे आणि तो लहानच सांगितला पाहिजे. नुसत्या तुलनेच्या कागदाने ऊर्जेचा प्रश्न सुटत नाही. पण एका कागदाच्या खर्चात, एकही उपकरण न बदलता दोन टक्के मिळत असतील तर ते सोडायचं कारणही नाही.

सौर पट्ट्यांचंही असंच. गल्लीत एका छपरावर पट्ट्या दिसल्या की आजूबाजूला त्या बसण्याची शक्यता वाढते, हे कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून दिसून आलं आहे. कनेटिकट राज्यात ५८ गावांमध्ये स्थानिक स्वयंसेवक लोकांना सौर पट्ट्या बसवायला सांगत फिरत होते. ज्यांनी स्वतःच्या घरी त्या बसवल्या होत्या, त्यांच्या सांगण्यावरून इतरांच्या तुलनेत सुमारे ६३ टक्के जास्त घरं तयार झाली. सांगणाऱ्याने आधी स्वतः केलं आहे का, हे लोक बघतात. मोहीम चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने पहिला स्वयंसेवक निवडण्याआधी हे तपासायला हवं.

गर्दीचा तास

विजेची एक अडचण अशी की ती मोठ्या प्रमाणावर साठवणं अजून महाग पडतं. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढी निर्मिती असावी लागते. इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिवसाला पुरेल एवढी असते, पण सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. तिथे पाणी कमी नसतं, एका वेळेची ओढ जास्त असते. विजेत या ओढीला कमाल मागणी म्हणतात. दिवसातल्या त्या थोड्या तासांसाठी जादा वीजकेंद्रं आणि जाड तारा उभ्या ठेवाव्या लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच वेळी सगळ्यांत खर्चिक यंत्रं चालू करावी लागतात. म्हणून काही कामं पुढेमागे करण्यालाही किंमत आहे, एकूण वापर तेवढाच राहिला तरी.

हे एखाद्या वस्तीला कितपत जमतं? स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचं लहान बेट आहे, वस्ती शंभराच्या आसपास. १९९७ मध्ये रहिवाशांनी एका विश्वस्त संस्थेमार्फत बेट विकत घेतलं. मुख्य भूमीची वीजवाहिनी तिथे पोचत नाही. प्रत्येकाचा आपापला डिझेल जनित्र असायचा, त्याचा आवाज, धूर आणि खर्च वेगळा. २००८ मध्ये त्यांनी ओढ्यांवरची छोटी जलविद्युत, पवनचक्क्या आणि सौर पट्ट्या जोडून बेटाची स्वतःची वीजव्यवस्था उभी केली. डिझेल उरलं ते अडीअडचणीपुरतं.

या व्यवस्थेचा नियम फार बोलका आहे. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅट, व्यवसायाला दहा. घर मोठं असो वा लहान, मर्यादा तीच. घरात एक छोटा मीटर असतो, त्यावर आत्ता किती ओढली जातेय ते दिसतं. कपडे धुण्याचं यंत्र चालू असताना किटली आणि हीटर एकदम लावला तर आकडा पाचच्या वर जातो आणि पुरवठा बंद पडतो. तो पुन्हा सुरू करायला देखभाल करणाऱ्या गटातल्या माणसाला बोलवावं लागतं, आणि तो माणूस बेटावरचाच असतो. त्यामुळे लोक यंत्र थांबवून चहा करायला शिकले. वारा-पाणी जोरात असलं की जादा विजेवर समाजमंदिरासारख्या सार्वजनिक इमारती गरम केल्या जातात, म्हणजे उरलेली वीजही सगळ्यांच्याच कामी येते.

बाहेरच्या कोणी असा नियम लादला असता तर त्याला रेशनिंग म्हटलं गेलं असतं आणि पळवाटा शोधल्या गेल्या असत्या. इथे नियम लोकांनी आपसात ठरवला आणि सगळ्यांना सारखाच लागू आहे. एगबद्दल वाचताना मला यंत्रांपेक्षा हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते.

‘माझ्या एकट्याच्या बचतीने काय होणार?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे. एका घराने काही होत नाही, हे खरंच. पण गाव एकत्र आलं की काय होतं याचं एक उदाहरण बघा. अलास्काची राजधानी जुनो. सुमारे ३०,००० वस्ती. एप्रिल २००८ मध्ये हिमकडा कोसळून जलविद्युत आणणारी वाहिनी तुटली. शहर डिझेलवर आलं आणि विजेचा दर पाचपट होणार असं जाहीर झालं. काही आठवड्यांतच शहराचा वापर पाव हिश्श्याने खाली आला. दुकानांनी निम्मे दिवे काढले, घरोघर कपडे ड्रायरऐवजी दोरीवर गेले.

दराचा धसका मोठा होता, यात शंका नाही. पण वाहिनी दुरुस्त होऊन दर पूर्ववत झाल्यावरही वापर आधीच्या पातळीला परतला नाही, सुमारे आठ टक्के बचत टिकून राहिली. काहींनी दिवे आणि उपकरणं बदलली होती, काहींच्या सवयी बदलल्या होत्या.

जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या अपघातानंतर टोकियो परिसरात कमाल मागणी १५ टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. मोठ्या ग्राहकांना ते कायद्याने बंधनकारक होतं, घरांना केवळ आवाहन होतं. तो उन्हाळा चक्राकार वीजकपातीशिवाय निघाला. संकटात माणसं एकत्र येतात हे आपण अनेकदा पाहिलं आहे. खरा प्रश्न संकट नसताना हे कसं घडवायचं हा आहे, आणि त्याचं सगळ्यांत चांगलं उत्तर मला डेन्मार्कमधल्या एका बेटावर सापडतं.

साम्सो: आधी कोणालाच उत्साह नव्हता

१९९७ मध्ये डेन्मार्क सरकारने एक स्पर्धा जाहीर केली. दहा वर्षांत पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर कसं जाल, याचा आराखडा मागवला. साम्सो हे चार हजारांच्या वस्तीचं शेतकऱ्यांचं बेट जिंकलं. आराखडा बाहेरच्या एका इंजिनिअरने केला होता. बक्षिसाची रक्कम नव्हती. बेटावरच्या बहुतेकांना या सगळ्यात फारसा रसही नव्हता. तेल बोटीने येत होतं, वीज समुद्राखालच्या तारेतून. जे चाललं होतं ते बरं चाललं होतं.

सोरेन हर्मनसेन हे तिथल्याच शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षक. त्यांनी हे काम हाती घेतलं आणि वर्षानुवर्षं बैठका घेतल्या. शेतकरी, प्लंबर, लोहार, नगरपालिकेतले लोक असे सगळे त्यात यायचे. बैठकीत हवामानबदलावर भाषण कमी आणि ‘यात आपल्याला काय मिळेल, कोणाला काम मिळेल, कोणाची जमीन, कोणाचा हिस्सा’ यावर चर्चा जास्त. बेटावरचा खाटीकखाना त्याच सुमाराला बंद पडला होता, रोजगाराची चिंता होती. उष्णता पुरवणारी केंद्रं बांधायला, पाइप टाकायला, जुने बॉयलर बदलायला माणसं लागणार होती. ही गोष्ट लोकांना लगेच समजली.

पुढची काही वर्षं काम दणक्यात झालं. २००० मध्ये जमिनीवर एक-एक मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या नऊ शेतकऱ्यांनी घेतल्या, दोन छोट्या भागधारकांच्या सहकारी मालकीच्या. लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत समुद्रात आणखी १० मोठ्या पवनचक्क्या आल्या. त्यांतल्या पाच नगरपालिकेच्या, बाकीच्या शेतकऱ्यांच्या आणि भागधारकांच्या. गव्हाच्या पेंढ्यावर आणि लाकडाच्या चिपांवर चालणारी चार केंद्रं पाणी तापवून पाइपांनी घराघरांत पोचवू लागली. दूरच्या एकट्या घरांनी आपापली सोय केली.

दहा वर्षांच्या आत बेट वापरतं त्याहून जास्त अक्षय ऊर्जा तयार करू लागलं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती अनेकदा गाळली जाते. गाड्या आणि बोटी तेलावरच चालत होत्या. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज बाहेर विकून त्या तेलाचा हिशेब भरून काढला जात होता. म्हणजे ‘तेल पूर्ण बंद झालं’ असं नाही, ‘जमाखर्च जमेच्या बाजूला गेला’ असं. तरीही चार हजार लोकांनी हे करून दाखवलं ही मोठी गोष्ट आहे.

साम्सोच्या पवनचक्क्या बेटावरच्या लोकांच्या आहेत. वारा सुटला की पातं फिरतं आणि कोणाच्या तरी ओळखीच्याच घरात पैसे येतात. हा मुद्दा मला तंत्रज्ञानाहून निर्णायक वाटतो.

‘सगळ्यांना विचारत बसलो तर प्रकल्प होणारच नाही’

अधिकारी आणि कंपन्या हा आक्षेप नेहमी घेतात. दोन समुद्री प्रकल्प शेजारी ठेवून बघू.

कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर मिडलग्रुंडेन इथे आधी २७ पवनचक्क्या तीन रांगांत लावायचा बेत होता. जनसुनावणीत आक्षेप आले आणि आराखडा बदलून २० पवनचक्क्यांची एक वळणदार रांग ठरली. आवाजाची भीती असलेल्या रहिवाशांना चालू पवनचक्कीजवळ नेऊन तो ऐकवला. निम्मी मालकी शहराच्या वीजसंस्थेकडे, निम्मी साडेआठ हजारांहून जास्त सभासदांच्या सहकारी संस्थेकडे. २००१ पर्यंत सगळ्या पवनचक्क्या सुरू झाल्या होत्या.

त्याच २००१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ एका खासगी कंपनीने केप विंड नावाचा पवनचक्क्यांचा प्रकल्प मांडला. खटले, सुनावण्या, पुन्हा खटले. २०१७ मध्ये तो सोडून देण्यात आला, एकही पवनचक्की उभी न राहता. या दोन ठिकाणचे कायदे वेगळे, माणसं वेगळी, किनाऱ्यावरच्या बंगल्यांची श्रीमंतीही वेगळी. सगळा फरक मालकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण विचारण्यात वेळ जातो म्हणणाऱ्यांनी न विचारण्यात गेलेली सोळा वर्षंही मोजायला हवीत.

आणि वेळेच्या पलीकडे हक्काचा प्रश्न आहे. नॉर्वेत फोसेन भागात १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या सामी आदिवासींच्या रेनडिअरच्या हिवाळी कुरणांवर. २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की यामुळे सामींच्या संस्कृतीचा हक्क डावलला गेला, परवाने अवैध आहेत. तोपर्यंत पाती फिरू लागली होती, आणि ती निकालानंतरही फिरत राहिली. तडजोडीचे करार व्हायला २०२३-२४ उजाडलं. वीज स्वच्छ होती म्हणून अन्याय लहान ठरत नाही. स्थानिकांचा विरोध दिसला की ‘विकासविरोधी’ म्हणून मोकळं होण्याची घाई करू नये, त्यातला एखादा आक्षेप शेवटी न्यायालयातही खरा ठरू शकतो.

‘ज्याचं स्वतःचं छप्पर नाही त्याने काय करायचं?’

हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. घर भाड्याचं असेल तर चांगलं उपकरण बसवण्याचा खर्च मालकाचा आणि वाचलेलं बिल भाडेकरूचं. मग मालक कशाला खर्च करेल? आणि उद्या घर सोडावं लागणार हे माहीत असलेला भाडेकरू तरी कशाला करेल? गरीब घरात उपकरणं जुनी, म्हणून तिथे बचतीला वाव जास्त, पण हातात पैसा कमी. अनुदानाच्या योजना बहुधा ‘आधी खर्च करा, मग परतावा घ्या’ अशा असतात, आणि त्या आपोआप सुस्थितीतल्यांकडे जातात.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हूड रिव्हर भागात याच्या उलट करून पाहिलं. विजेवर तापवल्या जाणाऱ्या घरांच्या भिंती, छपरं, खिडक्या सुधारायचा जवळजवळ सगळा खर्च वीजसंस्थांनी उचलला आणि प्रचार स्थानिक लोकांकडे सोपवला. पात्र घरांपैकी सुमारे ८५ टक्के घरं सहभागी झाली, आणि बातमी पसरली ती मुख्यतः तोंडोतोंडी. बचत मात्र आधी मांडलेल्या गणितापेक्षा बरीच कमी भरली. म्हणजे पैसा आणि विश्वास असला की लोक येतात हे सिद्ध झालं, आणि कागदावरच्या बचतीवर डोळे झाकून विसंबू नये हेही.

स्वच्छ ऊर्जेत या अडचणीवर एक वाट आहे, सामायिक प्रकल्पाची. पट्ट्या एखाद्या शाळेवर किंवा मोकळ्या जागेवर बसतात, लोक छोटे हिस्से घेतात आणि त्या प्रमाणात विजेचा किंवा पैशाचा लाभ मिळतो. युरोपीय संघाने २०१८ च्या निर्देशात अशा ‘ऊर्जा समुदायां’ना कायदेशीर मान्यता दिली. हिस्साही ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काही भाग राखून ठेवावा लागेल. तसं केलं नाही तर सामायिक प्रकल्पसुद्धा गावातल्या पैसेवाल्यांचाच होऊन बसतो.

‘वाचलेली वीज दुसरीकडे उडवली जाईल’

यात तथ्य आहे. १८६५ मध्येच इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी लिहिलं होतं की इंजिनं कमी कोळशात चालू लागली की कोळसा जास्तच लागतो, कारण इंजिनं वाढतात. घरात एसी कमी वीज खाणारा आला की तो जास्त वेळ चालतो. पण घरगुती वापरात या मार्गाने सहसा बचतीचा काही भागच जातो, सगळी बचत जात नाही. आणि ज्या घरात आजवर पंखाही पुरेसा चालत नव्हता, तिथे तो जास्त चालला तर मी त्याला नासाडी म्हणणार नाही.

पट्ट्या बसल्यानंतर पाच वर्षांनी

आता अपयशाची एक गोष्ट. बिहारमधलं धरनई. या गावात कित्येक वर्षं वीज नव्हती. २०१४ मध्ये ग्रीनपीस आणि इतर संस्थांनी तिथे १०० किलोवॅटची सौर व्यवस्था उभी केली. गावात दिवे लागले, पाण्याचे पंप चालले, देशभर कौतुक झालं. थोड्याच काळात मुख्य वीजवाहिनी पोचली. ती वीज स्वस्त होती आणि तिच्यावर जास्त वीज खाणारी उपकरणंही चालत होती. सौर विजेला मर्यादा होती आणि दर जास्त. लोक हळूहळू तिकडे गेले, बॅटऱ्या थकल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत आणि काही वर्षांत व्यवस्था बंद पडली.

याचा दोष गावकऱ्यांना देणं मला पटत नाही. स्वस्त आणि जास्त वीज कोणीही घेईल. एगवर दुसरी वीजवाहिनी येण्याची शक्यताच नव्हती, धरनईला होती, आणि ती आली तर सौर वीज तिला कशी जोडायची याची सोय हवी होती. जादा वीज वाहिनीला विकता आली असती तर त्याच पट्ट्या गावासाठी उत्पन्न ठरल्या असत्या. बॅटरीला आयुष्य असतं आणि ते पट्टीच्या आयुष्यापेक्षा बरंच कमी. दर महिन्याच्या वसुलीतून तिच्यासाठी रक्कम बाजूला पडत नसेल, तर उद्घाटनाच्या दिवशीच व्यवस्था बंद पडण्याची तारीख साधारण ठरलेली असते.

म्हणून तुमच्या वस्तीत किंवा सोसायटीत कोणी सौर प्रकल्प घेऊन आलं, तर पट्टीची कंपनी कोणती हे विचारण्याआधी थोडे वेगळे प्रश्न विचारा. मालकी कोणाच्या नावावर राहणार, ज्यांच्याकडे छप्पर नाही त्यांना काय मिळणार, गावातलं कोण दुरुस्ती शिकणार आणि त्याला पगार कोण देणार, बॅटरी किंवा इन्व्हर्टर बदलायचा पैसा कुठल्या खात्यात जमा होत राहणार, आणि जागा बदलावी असं आपण म्हटलं तर आराखडा खरंच बदलेल का. शेवटच्या प्रश्नाला ‘आराखडा मंजूर झाला आहे’ असं उत्तर आलं, तर ती सभा तुम्हाला विचारायला बोलावलेली नाही. तेव्हा सह्या करण्याआधी पुन्हा सभा मागा, या वेळी आराखडा पक्का होण्याच्या आधीची.